माळवद पाडू नका म्हणायचा मला हक्क आहे का?

(पत्र बरंच मोठं आहे. लिहिणारी ओळखू येईल असे तपशील गाळून त्यातला पेच तेवढा इथे देते आहे.)

बार्शी तालुक्यातल्या एका खेड्यातली सत्तावीस वर्षांची मुलगी. पदवी झाल्यावर मुंबईकडे आली आणि गेली पाच वर्षं ऐरोलीत एका कंपनीच्या बॅक ऑफिसला काम करते आहे. डोंबिवलीत तीन मैत्रिणींबरोबर भाड्याच्या घरात राहते. पगारातून दर महिन्याला बारा हजार घरी पाठवते. घरी आई, वडील, धाकटा भाऊ आणि सहा एकर जमीन. आजी दोन वर्षांपूर्वी गेली. राहतं घर पणजोबांच्या वेळचं, माळवदाचं, म्हणजे मातीच्या सपाट छपराचं. भावानं आता ते पाडून स्लॅबचं घर बांधायचं ठरवलं आहे आणि बहिणीकडे चार लाख मागितले आहेत. तेवढे तिच्यापाशी साठलेले आहेत, पण घर पडणार या विचारानं तिची झोप उडाली आहे. ती नको म्हणाली तेव्हा भाऊ म्हणाला, "ताई, तू चार दिस येतीस, फोटो काढतीस अन् जातीस. पावसात घमेली आम्ही लावतो." वडील म्हणतात, तुमचं तुम्ही ठरवा. तिचा प्रश्न असा: पैसे न देता घर वाचवू का? की नोकरी सोडून गावीच परत जाऊ? "शहरात माझं असं काहीच नाही. ते घर गेलं तर कुठंच काही उरणार नाही."

तुला 'तू' म्हणते. माझी भाची तुझ्याच वयाची आहे, आणि 'आपण' लिहायला लागले की माझं पत्र तहसील कचेरीतून आल्यासारखं वाटतं.

पत्र सुरेख लिहिलं आहेस. माळवदाच्या झरोक्यातून सकाळी खाली येणारी उन्हाची तिरीप, सोप्यात पाय पसरून शेंगा फोडणारी आजी, दिवाळीतल्या सारवलेल्या अंगणाचा वास, जानेवारीत रानात आगटी पेटवून खाल्लेला हुरडा आणि त्याबरोबरची शेंगदाण्याची चटणी, सगळं वाचताना डोळ्यांपुढे आलं. मग लक्षात आलं की पत्रात दिवाळी आहे, संक्रांत आहे, मे महिना आहे, पण पाऊस कुठेच नाही. घरातला पाऊस तेवढा भावाच्या एका वाक्यात आहे, आणि ते वाक्य तुला लागलं आहे.

माझं आजोळ मोहोळ तालुक्यातलं, त्यामुळे माळवद मी जवळून पाहिलं आहे. ज्या वाचकांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. जाडजूड दगडमातीच्या भिंती, आत लाकडी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर दाटीनं बसवलेली लाकडं, त्यांवर पालापाचोळा आणि तुराट्या, आणि सगळ्यात वर मातीचा चांगला जाड थर. उन्हाळा संपता संपता, मिरगाच्या आधी, त्यावर पांढरी माती टाकायची. ही माती चिकट, ती पाणी खाली उतरू देत नाही. हे काम दरवर्षीचं. त्यासाठी घरात हात लागतात, माती आणून देणारा माणूस लागतो, आणि पाऊस सुरू असतानाही वर चढून, कुठे उंदरानं भोक पाडलंय, कुठे गवत उगवलंय, हे पाहणारं कुणीतरी लागतं. एका वर्षी राहून गेलं की सप्टेंबरात, म्हणजे आपल्या सोलापूरकडे खरा जोराचा पाऊस येतो तेव्हा, रात्री उठून अंथरुणं सरकवायची आणि घमेली लावायची. तुझ्या आजोबांच्या वेळी घरात किती माणसं होती आणि आज किती आहेत, एवढं मोजलंस तरी भाऊ चिडून का बोलला ते कळेल.

आणखी एक सांगायला हवं, ते तुला आवडणार नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा तुझा जन्म झालेला नव्हता. हजारो माणसं गेली, ती बहुतेक झोपेत आणि बहुतेक अशाच घरांत. धक्का ६ रिश्टरच्या थोडा वर होता. त्याहून मोठ्या धक्क्यांतून जगात कितीतरी गावं निभावली आहेत. इथे जीव घेतले ते ओबडधोबड दगडांच्या भिंतींनी आणि माथ्यावर पिढ्यानपिढ्या साठलेल्या मातीनं. सोलापूर जिल्ह्यालाही हादरा बसला होता, आणि आमच्या आजोळची माणसं त्यानंतर बरेच दिवस अंगणात झोपत होती. वडिलांना ती पहाट नक्की आठवत असेल, विचारून बघ. 'तुमचं तुम्ही ठरवा' म्हणणाऱ्या माणसाच्या मनात काय चाललंय, ते कदाचित त्यातून बाहेर येईल.

याचा अर्थ तुझं म्हणणं नुसतं हळवेपणाचं आहे, असं मी मानत नाही. एप्रिलमध्ये पारा त्रेचाळीसवर गेलेला असताना माळवदाखाली दुपारी झोप लागते, आणि स्लॅबखाली पंखा गरम वारा ढकलत राहतो. हे भावालाही ठाऊक आहे. नवं घर बांधून पहिल्या उन्हाळ्यात माणसं बाहेर झाडाखाली बाजा टाकून बसलेली मी पाहिली आहेत. हा मुद्दा तू वादात आणलाच नाहीस. तू आजी आणलीस. आजीच्या आठवणीपुढे भावाला बोलता येत नाही, म्हणून तो फोटोंवर घसरला.

आता मला सगळ्यात खटकलेली गोष्ट. एवढ्या लांब पत्रात आई एकदाच येते, फोनवर "जेवलीस का?" विचारण्यापुरती. घर राहावं की जावं, यावर आजीला काय वाटलं असतं हे तू लिहिलंस, भावाचं लिहिलंस, वडिलांचं लिहिलंस. आईला काय हवंय? आजीनंतर ती जमीन कोण सारवतं? भिंतींना पोतेरं कोण देतं? रात्री-अपरात्री अंगण ओलांडून न्हाणीकडे, संडासकडे कोण जातं? सारवलेल्या जमिनीची ओढ मी शहरातल्या पुष्कळ मुलींच्या पत्रांत वाचते. जिला रोज वाकून सारवावं लागतं, तिच्या पत्रात अजून वाचायला मिळाली नाही. आईला विचार, पण "घर पाडू द्यायचं का गं?" असं नको. त्याला ती "तुमचं तुम्ही बघा" म्हणून मोकळी होईल. स्वयंपाकघर कोणत्या बाजूला हवं, ओटा केवढा उंच हवा, मोरी आत हवी का, असं विचार. मग ती किती वेळ बोलते ते बघ.

भावाचीही एक गरज आहे, आणि ती बहिणीपुढे बोलायला त्याला लाज वाटत असेल. तो लग्नाच्या वयाचा आहे आणि शेती करतो. सोलापुरात डिसेंबर २०२२ मध्ये लग्नाळू तरुणांनी बाशिंग बांधून, घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कचेरीवर मोर्चा काढला होता. बातमी वाचून आपण सगळे हसलो. त्या पोरांच्या घरी मात्र कुणी हसलं नसेल. मुलीकडचे आले की आधी वर बघतात, स्लॅब आहे का माळवद, आणि मग विचारतात, संडास-बाथरूम घरात आहे का. हे बरं की वाईट, हा वाद वेगळा. तुला उद्या एखाद्या खेड्यातलं स्थळ सांगून आलं, तर तूही हेच विचारशील, आणि विचारावंसच.

मग तुझ्या त्या वाक्याकडे येते, 'शहरात माझं असं काहीच नाही.' हे तू मनापासून लिहिलं आहेस, पण तुझंच पत्र त्याला दुजोरा देत नाही. तिसऱ्या पानावर तू सहज लिहून गेलीस की गेल्या वर्षी तुला ताप आला तेव्हा मैत्रिणीनं रात्री दोन वाजता रिक्षा करून दवाखान्यात नेलं, आणि आठवडाभर लोकलच्या डब्यातल्या एका काकूंनी तुझ्यासाठी पेज आणली. संध्याकाळच्या गाडीत बायका पालेभाजी निवडतात, त्यात तूही एक जुडी मांडीवर घेतेस. दसऱ्याच्या आदल्या दिवशी डबा सजवायला तू वर्गणी गोळा केलीस. महिनाअखेरीला रात्री अकरा वाजता तुम्ही चौघी खाली उतरून पावभाजी खाता. आता मला सांग, यातलं काय 'तुझं' नाही? आणि रात्री अकराला घराबाहेर पडून कुणाला उत्तर न देता परत येणं गावात जमेल का?

तुझी तक्रार खोटी आहे असं म्हणत नाही. दर अकरा महिन्यांनी करार संपतो, भाडं वाढतं किंवा सामान हलवावं लागतं. भिंतीला खिळा ठोकायचा तर मालकाला विचारायचं. सकाळी डोंबिवलीला दारातून आत शिरायची मारामारी, ठाण्याला पूल चढून ट्रान्स-हार्बर पकडायची, परत येताना तेच उलटं. अशा दिवसाच्या शेवटी माणूस फोनमध्ये गावाचे फोटो बघत पडून राहतो. साहजिक आहे. पण एक होतं. इथलं जे जे दमवतं ते शहराच्या नावावर जमा होतं, आणि इथलं जे जे बरं आहे ते कुणाच्याच नावावर लागत नाही. सगळी माया तिकडे त्या पाच खणांच्या घरात साठवलीस, म्हणून भावानं कुदळ उचलायची नुसती गोष्ट काढली तरी तुला धाप लागते. डोंबिवलीत तुला जे कमी पडतंय ते त्या घराकडून भरून मागू नकोस. त्या घराला ते झेपणार नाही, आणि त्यात राहणाऱ्या तिघांवर अन्याय होईल.

गावी परत जायचं का, याला मी फार जागा देत नाही, कारण तूही दिलेली नाहीस. एका ओळीत विचारलंस आणि पुढे, तिथे जाऊन काय काम करशील, याचा एक शब्द नाही. ज्यांना खरोखर परतायचं असतं त्यांच्या पत्रात आधी कामाचा हिशोब असतो: बार्शीत अमुक नोकरी, तमुक धंदा, एवढं भांडवल. तुला गावी जायचं नाही, तुला पंधरा वर्षांची व्हायचं आहे. तिथे आता खरिपाला सोयाबीन आहे, बरोबरीच्या मुली लग्न होऊन गेल्यात, मुलं पुण्याला आहेत, आणि तू नोकरी सोडून आलीस की महिन्याभरात पाहुण्यांची रांग लागेल. आई-वडिलांच्या दुखण्यासाठी परतणं ही वेगळी गोष्ट आहे. तशी वेळ आली तर पुन्हा लिही, तेव्हा वेगळं बोलू.

तर पैशाचं काय? पैसे अडवून घर वाचत नाही. भाऊ पतसंस्थेचं कर्ज काढेल, नाहीतर आणखी महाग व्याजानं कुठून तरी उचलेल, घर पाडेलच, आणि दर वास्तुशांतीला, बारशाला 'ताईनं दिले नव्हते' हे निघत राहील. पण मुकाट्यानं चार लाख देऊन रडत बसणंही मला पटत नाही. देणारी आहेस, तर आराखड्यात बस.

आधी एक करून बघ. तालुक्याला चांगला सिव्हिल इंजिनिअर गाठून घर दाखवा. दुरुस्तीचा पर्याय खरोखर असतो. माथ्यावरची माती उतरवून थर पातळ करायचा, वर पत्रा किंवा हलकं छप्पर घ्यायचं, भिंतीचे आतले आणि बाहेरचे दगड एकमेकांना बांधणारे लांब दगड आरपार बसवायचे. किल्लारीनंतर मराठवाड्यात जी जुनी घरं उभी उरली त्यांच्यासाठी हेच उपाय सांगितले गेले होते. भिंतींना पोट आलं असेल, तुळया कुजल्या असतील, तर इंजिनिअर सरळ नाही म्हणेल, आणि ते तुला भावाच्या तोंडून ऐकण्यापेक्षा त्याच्याकडून ऐकणं सोपं जाईल. ही भेट शक्यतो सप्टेंबरातल्या पावसात ठरव. रजा टाकून जा आणि रात्री घमेली लाव. भावाला खूश करायला नव्हे, तुलाच ते घर पावसात बघायची गरज आहे.

घर उतरवायचंच ठरलं, आणि मला वाटतं ते ठरेल, तर जेसीबी लावू नका. जेसीबी अर्ध्या दिवसात सगळं भुईसपाट करतो आणि सागवानाच्या तुळयांचं सरपण करतो. हातानं उतरवायला जास्त दिवस आणि जास्त मजुरी लागते. तो फरकाचा पैसा तू दे. जुन्या लाकडाला आज पुण्या-मुंबईत गिऱ्हाईक आहे. भंगारवाला दारात येऊन किरकोळ भावात मागेल, त्याला लगेच हो म्हणू नका. दारवठ्याची चौकट कडी-कोयंड्यासकट नव्या घराला लावता येते. गवंड्याला आधी सांगितलंत तर तो माप तसं धरतो. भिंत उभी राहिल्यावर सांगितलंत तर जमत नाही. एखाद्या तुळईचा देवघरासाठी किंवा बसायला बाक होतो. घडीव दगड जोत्याला जातील. जातं, उखळ बाहेर उन्हापावसात फेकलं जातं, त्याची जागा आधीच ठरवा. आणि पाडण्याआधी एक दिवस वडिलांना घेऊन प्रत्येक खोलीत बसून नुसतं बोलतं कर, फोन चालू ठेव. कोणत्या कोनाड्यात काय असायचं, बाळंतिणीची खोली कोणती, धान्याचं पेव कुठे होतं. आजीचं करायचं राहून गेलं असं तू लिहिलंस, वडील आहेत.

उन्हाळ्याचा मुद्दाही आता मांड. स्लॅब दहा-अकरा फुटांवर घ्या. समोरासमोर खिडक्या आणि वर झडपा ठेवा. गच्चीवर पांढऱ्या फरशीच्या तुकड्यांचं चायना मोझॅक करा, किंवा निदान दर मार्चमध्ये चुना मारा. पश्चिमेला पडवी काढा. अंगणातला लिंब कंत्राटदार 'मुळ्या पायात येतात' म्हणून पाडायला सांगेल, तेव्हा पाया दोन हात सरकवा. तुझ्या चार लाखांच्या बदल्यात एवढ्या अटी घालायला काही हरकत नाही. भाऊ कुरकुरेल आणि ऐकेल.

पैसे एकदाच द्यायचे, आकडा आधी सांगायचा, बँकेतून पाठवायचे. घराचं काम सुरू झालं की अंदाजपत्रक फुगतं. 'फरशीला कमी पडले', 'रंगाला कमी पडले' असे फोन येतील. तेव्हा नाही म्हणता यावं म्हणून आत्ताच आकडा ठरव. आणि साठलेलं सगळं देऊ नकोस. चार लाख मागितले म्हणून चारच द्यायला हवेत असं नाही. तुला इथे आजारपण आहे, नोकरी जाण्याची भीती आहे, कधीतरी स्वतःच्या घराची अनामत भरायची आहे. वाटलं तर बांधकाम चालू आहे तोवर महिन्याचे बारा हजार त्यात धर आणि तसं स्पष्ट बोल.

हक्काचं विचारलं आहेस, तर कायद्यापुरतं सांगते, कारण अशी पत्रं मला बऱ्याच मुलींची येतात. घर वडिलोपार्जित असेल तर २००५ च्या दुरुस्तीपासून हिंदू वारसा कायद्यात मुलीचा हिस्सा मुलाएवढाच आहे, लग्न झालेलं असो वा नसो. वडिलांनी स्वतः घेतलेलं असेल तर त्यांच्या हयातीत निर्णय त्यांचा. जाशील तेव्हा ग्रामपंचायतीतून नमुना ८ चा उतारा काढ आणि त्यावर कुणाची नावं आहेत ते बघ. स्वामित्व योजनेत गावठाणाची ड्रोननं मोजणी झाली असेल तर मिळकत पत्रिकाही निघते. कर्जासाठी लागतं म्हणून कुणी हक्कसोड पत्र पुढे केलं, तर त्या दिवशी सही करू नकोस. घरी आण, वकिलाला दाखव, मग ठरव. भाऊ चांगला आहे असं तू लिहिलंस, आणि मलाही तो चांगलाच वाटतो. तरीसुद्धा कागद कागदाच्या जागी. आणि हिस्सा आहे म्हणून घर न पाडण्याचा हट्ट धरायचा, हे मात्र करू नकोस. कायद्यानं तुला बोलायचा हक्क दिला आहे. त्या घरात पावसाळा काढणाऱ्यांचं आधी ऐकून घ्यायचं की नाही, ते तुझ्यावर आहे.

डोंबिवलीचं राहिलं. तीन मैत्रिणींपैकी कुणालाच भाकरी थापता येत नाही आणि तू पाच वर्षं पोळीवर भागवते आहेस, हे वाचून मला जरा रागच आला. पुढच्या खेपेला घरून दहा किलो शाळू आण, गिरणीतून थोडा थोडा दळून घे, एक चांगला तवा घे आणि रविवारी थाप. गुढीपाडव्याची जी स्वागतयात्रा आज गावोगाव निघते, ती डोंबिवलीनं सुरू केली. तू एकदाही पाहिलेली नाहीस, कारण जोडून सुट्टी आली की तू गाडीत असतेस. दिवाळी गावीच कर. पाडवा एकदा इथे करून बघ, वाटल्यास डब्यातल्या त्या काकूंकडे. त्या बोलवत होत्या असं तूच लिहिलंस. आणि पुढचा करार करताना मालकाला खिळ्यांचं विचारून घे. बहुतेक मालक दोन-चार खिळ्यांना नाही म्हणत नाहीत, आपणच विचारत नाही.

वास्तुशांतीची तारीख ठरली की लगेच कळवायला भावाला सांग. आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं, आणि लग्नसराईत सिद्धेश्वर एक्स्प्रेसचं कुर्डुवाडीचं तिकीट उशीर केला तर वेटिंगलाच राहतं.